माइनक्राफ्टमधील कन्सोल कमांड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माइनक्राफ्ट या ब्लॉकच्या जगाच्या खेळातील प्रत्येक कमांड, म्हणजे टाइप करून दिलेली आज्ञा, तीन गोष्टी सांगते: काय करायचे, ते कोणावर करायचे आणि ते कोठे करायचे. नवीन खेळाडू पहिली गोष्ट पाठ करतात आणि उरलेल्या दोन अंदाजाने लिहितात. कमांड न चालण्याची, आणि चालून नुकसान होण्याचीही, बहुतेक कारणे या अंदाजात सापडतात. म्हणून पुढील उत्तरांत कमांडच्या लांबलचक याद्यांपेक्षा ‘कोणावर’ आणि ‘कोठे’ या दोन प्रश्नांना अधिक जागा दिली आहे.

लिपीविषयी एक खुलासा आवश्यक आहे. येथे कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. खेळात त्या रोमन लिपीत आणि इंग्रजी अंकांत टाइप कराव्या लागतात. कमांड कोणावर चालवायची ते सांगणाऱ्या निवडचिन्हांत ‘@ए’ म्हणजे इंग्रजी वर्णमालेतील पहिले अक्षर आणि ‘@ई’ म्हणजे पाचवे अक्षर, हा फरक विशेष लक्षात ठेवावा.

प्रश्न: कमांड नेमकी कोठे टाइप करायची?

चॅटच्या चौकटीत. संगणकावरील जावा आवृत्तीत ‘टी’ ही कळ दाबल्यास चॅट उघडते आणि ‘/’ ही कळ दाबल्यास तिरकी रेघ आधीच टाइप होऊन चॅट उघडते. मोबाइलवरील बेडरॉक आवृत्तीत पडद्याच्या वरच्या बाजूस असलेल्या चॅटच्या चिन्हावर स्पर्श करावा. वरच्या बाणाची कळ दाबली की आधीची कमांड परत येते, त्यामुळे एखादे अक्षर चुकल्यास संपूर्ण ओळ पुन्हा लिहावी लागत नाही.

टॅब या कळीची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी, असा माझा आग्रह आहे. अर्धवट शब्द लिहून टॅब दाबला की खेळ स्वतःच पुढील पर्याय सुचवतो, आणि जो शब्द सूचनेत येत नाही तो त्या जागी चालणार नाही हे एंटर दाबण्यापूर्वीच कळते.

प्रश्न: अक्षरन् अक्षर बरोबर असूनही खेळ ‘अज्ञात किंवा अपूर्ण कमांड’ असे का म्हणतो?

जावा आवृत्तीत हा संदेश दोन अगदी वेगळ्या कारणांनी येतो आणि त्यामुळे अनेकांचा बराच वेळ वाया जातो. एक कारण म्हणजे खरोखरच शब्द चुकलेला असतो. दुसरे कारण म्हणजे त्या जगात तुम्हाला ती कमांड वापरण्याची परवानगीच नसते. परवानगी नसलेली कमांड खेळाच्या दृष्टीने तुमच्यासाठी अस्तित्वातच नसते, त्यामुळे तो ‘परवानगी नाही’ असे न सांगता ‘ओळखत नाही’ असे सांगतो. ‘/’ लिहून टॅब दाबावा आणि सुचवलेल्या यादीत गेममोड, गिव्ह यांसारख्या कमांड दिसतात का ते पाहावे. दिसत नसतील तर प्रश्न परवानगीचा आहे.

नवीन जग तयार करताना कमांडना परवानगी देणारा पर्याय चालू करता येतो. तो त्या वेळी चालू केला नसेल, तर जावा आवृत्तीत विराम मेनूतून जग स्थानिक नेटवर्कवर खुले करताना तीच परवानगी देता येते. ही परवानगी जग बंद करेपर्यंतच टिकते. मात्र त्या काळात कमांडने केलेले बदल कायम राहतात. बेडरॉकमध्ये जगाच्या सेटिंग्जमध्ये चीट्सचा (कमांडना परवानगी देणारा) पर्याय केव्हाही चालू करता येतो, पण त्याची किंमत पुढील उत्तरात पाहावी.

प्रश्न: कमांड वापरल्यास अचीव्हमेंट्स बंद होतात का?

अचीव्हमेंट्स म्हणजे खेळातील टप्पे गाठल्याची पदके; जावात त्यांनाच ॲडव्हान्समेंट्स म्हणतात. बेडरॉकमध्ये त्या बंद होतात, आणि नंतर चीट्स बंद केले तरी त्या जगात त्या परत सुरू होत नाहीत. म्हणून चीट्स चालू करण्यापूर्वी जगाची प्रत काढावी आणि प्रयोग त्या प्रतीत करावेत. कोऑर्डिनेट्स (जगातील स्थान सांगणारे आकडे) दाखवण्याचा पर्याय मात्र चीट्समध्ये मोडत नाही, तो निर्धास्तपणे चालू ठेवता येतो. जावा आवृत्तीत कमांड वापरल्याने ॲडव्हान्समेंट्सना बाधा येत नाही.

प्रश्न: कोऑर्डिनेट्स कसे वाचायचे?

जगातील प्रत्येक ब्लॉकला तीन संख्यांचा पत्ता असतो. एक्स पूर्वेकडे वाढतो आणि पश्चिमेकडे घटतो, झेड दक्षिणेकडे वाढतो आणि उत्तरेकडे घटतो, आणि वाय म्हणजे उंची. ३० नोव्हेंबर २०२१ रोजी आलेल्या १.१८ आवृत्तीपासून मुख्य जगात उणे ६४ पासून ३१९ पर्यंतच्या उंचीवर ब्लॉक ठेवता येतात. त्यापूर्वी ही मर्यादा ० ते २५५ होती. कमांडमध्ये क्रम नेहमी एक्स, वाय, झेड असाच असतो.

जावा आवृत्तीत एफ३ दाबल्यावर डाव्या बाजूस तुमच्या स्थानाच्या दोन ओळी दिसतात: एक दशांशांसह आणि दुसरी पूर्णांकांत. बांधकामासाठी पूर्णांकांची ओळ वापरावी. दशांशांतील आकडा मनातल्या मनात पूर्ण करण्याची सवय धन बाजूस चालून जाते, पण ऋण बाजूस हमखास चुकते. तुम्ही एक्स उणे १२.४ वर उभे असाल तर तुमचा ब्लॉक उणे १२ नसून उणे १३ असतो, कारण खेळ नेहमी लहान संख्येकडे पूर्णांक करतो. एका ब्लॉकने सरकलेल्या भिंतींच्या तक्रारी बहुतेक वेळा जगाच्या ऋण भागातल्याच असतात, त्यामागे हेच कारण आहे.

तसेच, दिसणारा वाय तुमच्या पायांचा असतो, पायाखालच्या जमिनीचा नाही. तुम्ही फरशीवर उभे असताना वाय ७० दिसत असेल, तर फरशी ६९ वर आहे. फरशी बदलण्यासाठी ७० लिहिल्यास जुन्या फरशीवर एक नवा थर चढतो आणि सगळी दारे अडकतात.

प्रश्न: ~ आणि ^ या चिन्हांचा अर्थ काय?

~ म्हणजे ‘कमांड जेथून चालते आहे तेथून’. ‘~ ~-१ ~’ म्हणजे पायाखालचा ब्लॉक, आणि ‘~ ~१० ~’ म्हणजे डोक्याच्या दिशेने दहा ब्लॉक वर. ^ हे चिन्ह तुम्ही कोणत्या दिशेला पाहत आहात त्यावर चालते. त्याचे तीन आकडे अनुक्रमे डावीकडे, वर आणि समोर असे असतात. टीपी ही क्षणात दुसऱ्या जागी नेणारी कमांड आहे; ‘/टीपी @एस ^ ^ ^१०’ लिहिल्यास नजर जेथे रोखली आहे त्या दिशेने तुम्ही दहा ब्लॉक पुढे जाता. ~ सोबत साधे आकडे चालतात, पण एकाच पत्त्यात ~ आणि ^ एकत्र चालत नाहीत.

प्रश्न: @पी, @ए, @ई यांतले कोणते केव्हा वापरायचे?

@एस म्हणजे कमांड चालवणारा स्वतः, @पी म्हणजे सर्वांत जवळचा खेळाडू, @ए म्हणजे सर्व खेळाडू, @आर म्हणजे यादृच्छिक एक खेळाडू आणि @ई म्हणजे सर्व एंटिटी. यांतील शेवटचे सर्वांत समर्थ आणि सर्वांत धोकादायक आहे, कारण एंटिटी या शब्दात केवळ प्राणी आणि राक्षस येत नाहीत: खेळाडू, गावकरी, पाळीव कुत्रे, खाणगाड्या, जमिनीवर पडलेल्या वस्तू, चिलखताचे स्टँड, भिंतीवरच्या आयटम फ्रेम आणि चित्रेसुद्धा एंटिटीच आहेत.

म्हणून @ई कधीही एकटे वापरू नये. त्याच्यापुढे चौकटी कंसात अटी लिहाव्यात: ‘@ई[टाइप=झोंबी,डिस्टन्स=..२०]’ म्हणजे वीस ब्लॉकच्या आतील झोंबी. ही जावाची पद्धत आहे. बेडरॉकमध्ये अंतरासाठी ‘आर’ आणि संख्येच्या मर्यादेसाठी ‘सी’ अशी एकेक अक्षरे वापरली जातात, त्यामुळे एका आवृत्तीची ओळ दुसरीत जशीच्या तशी चिकटवता येत नाही.

प्रश्न: फिल ही कमांड मोठ्या इमारतीसाठी कशी वापरावी?

फिलला एका काल्पनिक पेटीचे समोरासमोरचे दोन कोपरे आणि ब्लॉकचे नाव द्यावे लागते. मग ती संपूर्ण पेटी त्या ब्लॉकने भरते. एका वेळी जास्तीत जास्त ३२,७६८ ब्लॉक, म्हणजे ३२ × ३२ × ३२ इतकाच भाग भरता येतो. जावा आवृत्तीत ही मर्यादा गेमरूलने (जगाचे नियम ठरवणाऱ्या सेटिंगने) वाढवता येते, परंतु संगणक मध्यम क्षमतेचा असल्यास मी तसे सुचवणार नाही; काम दोन तुकड्यांत करावे.

ही मर्यादा प्रत्यक्षात कशी अडवते ते एका उदाहरणातून पाहू. तुम्हाला ४० रुंद, ४० लांब आणि २० उंच दालन बांधायचे आहे. ४० × ४० × २० म्हणजे ३२,०००, म्हणजे काम मर्यादेत बसते. तुम्ही एक्स १०० पासून सुरुवात करता, चाळीस मिळवून दुसरा कोपरा १४० लिहिता, झेडसाठीही तसेच करता, आणि खेळ ब्लॉक जास्त झाल्याचे सांगून काम नाकारतो. कारण दोन्ही कोपरे मोजणीत धरले जातात: १०० ते १४० हे ४१ ब्लॉक होतात, आणि ४१ × ४१ × २० म्हणजे ३३,६२०. दुसरा कोपरा १३९ हवा होता. मर्यादा आडवी आली म्हणून ही चूक येथे उघड झाली. दालन लहान असते तर ते गुपचूप एक ब्लॉक मोठे झाले असते आणि छताची मधली ओळ जुळत नाही हे फार उशिरा लक्षात आले असते.

ओळीच्या शेवटी लिहिला जाणारा शब्द भरण्याची पद्धत ठरवतो. ‘हॉलो’ लिहिल्यास बाहेरचे कवच तयार होते आणि आतली जागा हवेने रिकामी होते. ‘आउटलाइन’ लिहिल्यास कवच तयार होते, पण आतले जसेच्या तसे राहते. आत सामान असलेल्या खोलीला नव्या भिंती द्यायच्या असताना हॉलो लिहिले गेले तर सामान नाहीसे होते, म्हणून हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत. ‘कीप’ केवळ हवेच्या जागा भरतो. ‘रिप्लेस’ आणि त्यापुढे एखाद्या ब्लॉकचे नाव लिहिल्यास फक्त तोच ब्लॉक बदलतो, आणि माझ्या मते फिलचे खरे सामर्थ्य येथे आहे: संपूर्ण वाड्यातील ओकच्या फळ्या बर्चच्या करणे किंवा तळ्यातील पाणी हवेत बदलणे एका ओळीत होते. तळे रिकामे करण्यापूर्वी पेटीच्या कडेने भिंत उभारावी, अन्यथा बाहेरचे पाणी लगेच आत वाहत येते.

प्रश्न: चुकीची कमांड मागे घेता येते का?

नाही. खेळात मागे घेण्याची कमांड नाही, म्हणून तयारी आधी करावी लागते. जावा आवृत्तीत जगांच्या यादीतील संपादनाच्या पर्यायातून बॅकअप घेता येतो आणि बेडरॉकमध्ये जगाची प्रत करता येते. एखाद्या लहान भागावर काम करण्यापूर्वी ‘/क्लोन’ने त्या भागाची प्रत जवळच्या मोकळ्या जागी काढून ठेवावी, काम बिघडल्यास तीच कमांड उलट दिशेने चालवून मूळ रूप परत आणता येते. जावा आवृत्तीत क्लोनलाही ३२,७६८ ब्लॉकचीच मर्यादा आहे, आणि तो ब्लॉक व पेट्यांतील सामान नक्कल करतो, पण गावकरी किंवा चित्रे करत नाही.

प्रश्न: खेळ मंदावला म्हणून सर्व एंटिटी काढून टाकणे योग्य आहे का?

याचे उत्तर मला अनुभवाने मिळाले आहे. एका शेतीच्या यंत्राभोवती हजारो वस्तू साचून खेळ अडखळू लागला होता, तेव्हा मी ‘/किल @ई[टाइप=!प्लेअर]’ ही ओळ चालवली. खेळाडू वगळले की पुरे, असे मला वाटले होते. वस्तू गेल्या आणि खेळ सुरळीत झाला. पण वाचनालयाच्या भिंतीवर नकाशे लावलेल्या सगळ्या फ्रेम, दाराशी उभे केलेले चिलखताचे स्टँड आणि कित्येक दिवस सौदे करून तयार केलेले गावकरीही त्याच क्षणी गेले. जवळपासचे जेवढे चंक (जगाचे तुकडे) लोड झाले होते तेवढ्यापुरतेच नुकसान मर्यादित राहिले, कारण @ई लोड न झालेल्या भागापर्यंत पोहोचत नाही.

तेव्हापासून मी किल लिहिण्यापूर्वी मोजणी करतो. जावा आवृत्तीत ‘/एक्झिक्यूट इफ एंटिटी @ई[टाइप=आयटम]’ एवढीच ओळ चालवली तर अटीत बसणाऱ्यांची संख्या दिसते आणि कोणालाही इजा होत नाही. संख्या अपेक्षेप्रमाणे असेल, तरच कंसातील तोच मजकूर किलच्या पुढे वापरावा. बेडरॉकमध्ये हेच काम ‘/टेस्टफॉर’ करते. तसेच ‘काय वगळायचे’ हे लिहिण्यापेक्षा ‘काय काढायचे’ हे लिहावे.

प्रश्न: एक्झिक्यूटमधील ‘ॲज’ आणि ‘ॲट’ यांत फरक काय?

एक्झिक्यूट दुसरी एखादी कमांड वेगळ्याच्या नावाने किंवा वेगळ्या जागेवरून चालवते. ‘ॲज’ कोण ते बदलते आणि ‘ॲट’ कोठे ते बदलते. सर्व खेळाडूंच्या पायाखाली सोन्याचा ब्लॉक ठेवायचा आहे असे समजा. ‘/एक्झिक्यूट ॲज @ए रन सेटब्लॉक ~ ~-१ ~ गोल्ड_ब्लॉक’ असे लिहिल्यास कमांड प्रत्येक खेळाडूच्या नावाने एकदा चालते, पण जागा तुमचीच राहते, त्यामुळे तुमच्याच पायाखाली एकच ब्लॉक पुन्हा पुन्हा ठेवला जातो. ‘ॲज @ए’नंतर ‘ॲट @एस’ जोडले की जागाही त्या त्या खेळाडूची होते आणि प्रत्येकाच्या पायाखाली सोने येते. हा फरक एकदा स्वतःच्या जगात करून पाहिला, तर पुढे ‘इफ’, ‘अनलेस’, ‘पोझिशन्ड’ हे उपशब्द समजायला फारसा वेळ लागत नाही.

प्रश्न: दिवस थांबवता येतो का?

येतो. खेळातील दिवस २४,००० टिकांचा असतो आणि सेकंदाला २० टिक होतात, म्हणजे पूर्ण दिवस २० मिनिटांचा. ‘/टाइम सेट नून’ वेळ ६,००० वर नेते. त्यानंतर दिवसाचे चक्र चालवणारा गेमरूल बंद केला की सूर्य तेथेच राहतो. गेमरूलची नावे आवृत्तीनुसार बदलली आहेत, म्हणून ती टॅबने शोधावीत. पिके लवकर वाढवण्यासाठी रँडम टिकचा वेग वाढवणाऱ्यांनी मूळ आकडा लिहून ठेवावा: जावात तो ३ आणि बेडरॉकमध्ये १ आहे. वाढलेला वेग विसरल्यास पिकांबरोबर गवत आणि वेलीही वेगाने पसरतात.

प्रश्न: लोकेटने सापडलेल्या ठिकाणी गेल्यावर जमिनीत अडकायला का होते?

कारण लोकेट ही गाव, किल्ला अशा रचना शोधणारी कमांड बहुतेक रचनांसाठी एक्स आणि झेड देते, उंची देत नाही. जावा आवृत्तीत उत्तरातील हिरव्या कोऑर्डिनेट्सवर क्लिक केल्यास तयार होणाऱ्या टीपीच्या ओळीत वायच्या जागी ~ असते, म्हणजे तुमची सध्याची उंची तशीच राहते, आणि त्या ठिकाणी डोंगर असेल तर तुम्ही दगडात पोहोचता. आधी स्पेक्टेटर मोडमध्ये (यात ब्लॉकमधून आरपार जाता येते) जावे, मग टीपी करावे, जमिनीच्या वर यावे आणि नंतर सर्व्हायव्हलमध्ये परतावे.

प्रश्न: व्हिडिओत चालणारी कमांड माझ्याकडे का चालत नाही?

व्हिडिओची तारीख आणि आवृत्ती पाहावी. १८ जुलै २०१८ रोजी आलेल्या जावा १.१३ मध्ये कमांडची रचना मोठ्या प्रमाणावर बदलली: ब्लॉकचे जुने अंकी क्रमांक गेले, एक्झिक्यूट नव्याने घडवले गेले आणि इफेक्टच्या पुढे ‘गिव्ह’ लिहिणे आवश्यक झाले. बेडरॉकमध्ये मात्र ‘/इफेक्ट @एस नाइट_व्हिजन ६००’ ही जुनी मांडणी आजही चालते. दुसरा मोठा बदल एप्रिल २०२४ मधील १.२०.५ चा, त्यात वस्तूंची खास माहिती महिरपी कंसांऐवजी चौकटी कंसांत लिहिली जाऊ लागली. जादू केलेली तलवार देणारी जुनी ओळ तुमच्याकडे लाल होत असेल, तर बहुधा कारण हेच आहे.

प्रश्न: कमांड ब्लॉक कसा मिळवायचा आणि त्यात काय वेगळे असते?

कमांड ब्लॉक म्हणजे आत लिहिलेली कमांड स्वतः चालवणारा ब्लॉक. तो बनवता येत नाही. ‘/गिव्ह @एस कमांड_ब्लॉक’ लिहून घ्यावा लागतो आणि क्रिएटिव्ह मोडमध्येच वापरता येतो. नारिंगी ब्लॉक रेडस्टोनचा (खेळातील विजेसारखा) संकेत मिळाल्यावर एकदा चालतो, जांभळा प्रत्येक टिकला चालतो, आणि हिरवा त्याच्याकडे बाण रोखून असलेल्या मागच्या ब्लॉकनंतर चालतो. जावाच्या चॅटमध्ये २५६ अक्षरांची मर्यादा असते, तर कमांड ब्लॉकमध्ये ३२,५०० अक्षरे मावतात, त्यामुळे लांब कमांडसाठीही तो उपयोगी पडतो.

‘कोण’ हा प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो. कमांड ब्लॉक ही एंटिटी नसल्याने त्यातील @एसला कोणीच सापडत नाही, आणि @पी म्हणजे तुमच्या नव्हे तर त्या ब्लॉकच्या सर्वांत जवळचा खेळाडू. चॅटमध्ये नीट चाललेली ओळ ब्लॉकमध्ये निकामी ठरते ती यामुळेच. जांभळ्या ब्लॉकमध्ये समन लिहिण्यापूर्वी सेकंदाला वीस प्राणी निर्माण होणार आहेत हे लक्षात घ्यावे; त्याला ‘नेहमी चालू’ न ठेवता एक खटका जोडावा.

प्रश्न: सर्व्हरवर मित्रांना कमांडची परवानगी कशी द्यावी?

जावा सर्व्हरच्या कन्सोलवर ‘ऑप’ (ऑपरेटरचा दर्जा देणारी कमांड) आणि खेळाडूचे नाव लिहावे. तेथे तिरक्या रेघेची गरज नसते. परवानगीचे चार स्तर असतात. दुसऱ्या स्तरावर फिल, गिव्ह, टीपी यांसारख्या कमांड आणि कमांड ब्लॉक वापरता येतात, तिसऱ्यावर इतरांना बाहेर काढता किंवा बंदी घालता येते, आणि चौथ्यावर सर्व्हर बंदही करता येतो. सेटिंग्ज न बदलता ऑप दिल्यास थेट चौथा स्तर मिळतो. मित्राला फक्त बांधकामात मदत करायची असेल, तर सर्व्हरच्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये ऑपचा मूळ स्तर २ करून मगच त्याचे नाव जोडावे.